फुप्फुसांची सोनोग्राफी शिकवायला महागडा मॅनिकिन लागत नाही

फुप्फुसांची सोनोग्राफी एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आली पाहिजे आणि तिचे पहिले धडे धाप लागलेल्या रुग्णाच्या छातीवर गिरवले जाऊ नयेत. इथपर्यंत बहुतेक शिक्षकांचं एकमत होतं. वाद पुढे आहे: हा सराव करून घ्यायचा कशावर? बहुतेक महाविद्यालयांत याचं उत्तर खरेदी विभाग देतो. कित्येक लाखांचा मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा येतो, त्याच्यासोबत संगणक आणि सेन्सर बसवलेला प्रोब (छातीवर टेकवायचा हातातला भाग) येतो, एक-दोन शिक्षकांना कंपनीचा माणूस दोन तास प्रशिक्षण देतो आणि स्किल लॅबच्या यादीत एक नोंद वाढते. दीडशे विद्यार्थ्यांपैकी किती जणांच्या हातात तो प्रोब गेला आणि किती वेळ राहिला, हे सहसा कुणी मोजत नाही. माझं म्हणणं असं की, मोजायचं ते हेच. तसं मोजलं तर फुप्फुसांच्या बाबतीत खर्चिक यंत्रापेक्षा साधी साधनं सरस ठरतात आणि त्याचं कारण फुप्फुसांच्या सोनोग्राफीच्या भौतिकशास्त्रातच आहे.

त्याआधी, एमबीबीएसच्या मुलांना हे शिकवायचंच कशाला, याचं उत्तर द्यायला हवं. ग्रामीण रुग्णालयात रात्री अकरा वाजता धाप लागलेला रुग्ण येतो तेव्हा समोर रेडिओलॉजिस्ट नसतो, बाँडवर आलेला डॉक्टर असतो. एक्स-रेचा तंत्रज्ञ त्या वेळी असेलच असं नाही. असला तरी आडव्या रुग्णाच्या फिल्ममध्ये छातीच्या पुढच्या बाजूला साठलेली हवा निसटून जाते आणि पाणी पाठीमागे पसरल्यामुळे नुसता धूसरपणा दिसतो. उभ्या एक्स-रेतसुद्धा डायफ्रॅमचा (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचा) कोन बोथट व्हायला साधारण २०० मिलिलिटर पाणी साठावं लागतं. प्रोबला ते त्याच्या कितीतरी आधी दिसतं. डेंगीच्या रुग्णात उजव्या फुप्फुसाखाली दिसणारा पाण्याचा पातळ काळा पट्टा प्लाझ्माची (रक्तातल्या द्रवाची) गळती सुरू झाल्याचं सांगतो आणि सलाइन किती, कशा वेगाने द्यायचं हा निर्णय त्यावर फिरतो. धाप दम्याची की हृदय कमजोर झाल्यामुळे फुप्फुसांत पाणी उतरल्याची, हा तर रोजचा प्रश्न. फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ डॅनिएल लिख्तेनस्टाइन यांनी २००८ साली ब्लू प्रोटोकॉल, म्हणजे धाप लागलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांची ठरावीक क्रमाने करायची सोनोग्राफी मांडली. त्यात श्वास कोंडलेल्या २६० रुग्णांमध्ये फुप्फुसांच्या सोनोग्राफीने सुमारे ९० टक्के वेळा अचूक निदान झालं होतं. हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या हातांचं यश आहे, नवख्या इंटर्नचं नव्हे. म्हणूनच शिकवण्याचा प्रश्न महत्त्वाचा.

आता भौतिकशास्त्राकडे. यकृताची किंवा मूत्रपिंडाची सोनोग्राफी करताना पडद्यावर तो अवयव दिसतो. हवेने भरलेलं फुप्फुस दिसतच नाही. ऊती आणि हवा यांच्या सीमेवरून जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो. पडद्यावर दिसते ती प्लुराची (फुप्फुसावरच्या दुहेरी पापुद्र्याची) एक चकचकीत रेघ आणि तिच्याखाली ध्वनीच्या येरझाऱ्यांमुळे उमटलेल्या आभासी खुणा. प्लुरा त्वचेखाली दोन सेंटिमीटरवर असेल तर चार आणि सहा सेंटिमीटरवर तिच्याच आडव्या प्रतिध्वनी-रेघा उमटतात, त्या ए-लाइन. खाली कोरडी हवा असल्याची ती खूण. फुप्फुसाच्या कडेला पाणी आणि हवा मिसळली की प्लुरापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत न विझता जाणारे उभे झोत दिसतात, त्या बी-लाइन. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत तीन किंवा अधिक दिसल्या तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट. श्वासाबरोबर प्लुराची रेघ चमचमत सरकते, ते लंग स्लायडिंग.

म्हणजे इथे शिकायचं आहे ते ऊती आणि हवेच्या सीमेवर तयार होणारे आभास वाचायला. अशी सीमा बनवण्यासाठी परदेशी मॅनिकिनची गरज नाही. ती आपल्या तळहातावर आहे.

जखमेला लावायच्या फोम ड्रेसिंगचा तुकडा घ्यायचा. तो टेबलावर ठेवून त्यावर जेल लावलेला तळहात पालथा टेकवायचा. हाताच्या पाठीवर भरपूर जेल घालून लिनिअर (सरळ, सपाट तोंडाचा) प्रोब आडवा धरायचा, मधल्या बोटाच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांवर. डेप्थ, म्हणजे पडद्यावर दिसणारी खोली, पाच-सहा सेंटिमीटर. पडद्यावर दोन हाडांच्या कमानी आणि त्यांच्याखाली काळ्या सावल्या दिसतात, या झाल्या बरगड्या. दोहोंच्या मधे, जरा खाली, तळहाताच्या त्वचेची पांढरी रेघ दिसते, ती झाली प्लुरा. विद्यार्थ्याला छातीवर ज्या पंख पसरलेल्या वटवाघळासारख्या आकृतीचा शोध घ्यायचा असतो, ती इथे हुबेहूब मिळते. हात फोमवरून उचलून हवेत धरला की खाली नुसती हवा आणि रेघेचे प्रतिध्वनी. फोम सलाइनमध्ये बुडवून, हलकेच पिळून परत हाताखाली ठेवला की त्याच्या छिद्रांत पाणी आणि हवा एकत्र राहते आणि रेघेपासून उभे झोत खाली कोसळू लागतात. शेजाऱ्याने फोम हळूहळू मागेपुढे ओढला की स्लायडिंग, थांबवला की स्लायडिंग बंद. फसतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: फोम पिळलाच नाही तर छिद्रांतली सगळी हवा निघून जाते आणि बी-लाइन उमटत नाहीत. हे फसणंही शिकवायच्या कामाचं आहे, कारण नुसतं पाणी आणि पाणी-हवेचं मिश्रण यांतला फरक विद्यार्थ्याला एका मिनिटात डोळ्यांनी कळतो.

यात महत्त्वाचं असं की, प्रोब खरा असतो. तो पाच अंश कलला तर रेघ पुसट होते. जेल कमी पडलं तर पडद्याची एक बाजू काळी पडते. डेप्थ चुकली, गेन (चित्राचा उजळपणा) वाढला, तर चित्र बिघडतं आणि ते का बिघडलं हे शोधून दुरुस्त करावं लागतं. स्वस्तातल्या बऱ्याच सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या मॅनिकिन-यंत्रांमध्ये, हे घडत नाही. पुतळ्याच्या छातीवर ठरावीक जागी चिप बसवलेली असते. प्रोब तिच्याजवळ नेला की संगणक साठवलेली क्लिप दाखवतो, प्रोब कसाही धरला तरी तीच, तितकीच सुबक. विद्यार्थी त्यातून नकळत शिकतो की कोनाला महत्त्व नाही. पुढे वॉर्डात तिरक्या प्रोबमुळे ए-लाइन आणि बी-लाइन दोन्ही गायब होतात, तेव्हा तो त्या न दिसण्याचाही काहीतरी अर्थ लावतो. नको ती सवय लावण्यापेक्षा अशा यंत्रावर न शिकवलेलं परवडतं. महागड्या सिम्युलेटरमध्ये कोनाप्रमाणे चित्र बदलतं, हे मान्य. पण तिथेही बरगड्यांच्या फटी नेहमी एकाच जागी, त्वचा सपाट, रुग्ण शांत, आणि तेच दहा-पंधरा रुग्ण पुन्हा पुन्हा. तिसऱ्या बॅचपर्यंत ‘चार नंबर म्हणजे न्यूमोथोरॅक्स’ (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) हे मुलांना पाठ झालेलं असतं.

हाताच्या चुका कुठे होतात हे एकदा नीट मांडलं की सराव कशाचा हवा ते आपोआप ठरतं. पहिली चूक म्हणजे बरगडी न शोधताच रेघ शोधणं. स्नायूंमधलं आवरणही चकचकीत दिसतं आणि नवखा डोळा त्यालाच प्लुरा समजतो. आधी दोन सावल्या, मग त्यांच्यामध्ये, बरगडीच्या पातळीपासून सुमारे अर्धा सेंटिमीटर खाली प्लुरा, हा क्रम मोडू द्यायचा नाही. दुसरी चूक डेप्थची. स्लायडिंग बघताना पंधरा-वीस सेंटिमीटर खोली ठेवली तर प्लुरा पडद्याच्या माथ्याशी चेपून बसते, सरकणं दिसतच नाही. उलट बी-लाइन बघताना चार सेंटिमीटरवर थांबलं तर मधेच विझणाऱ्या, निरर्थक छोट्या रेघा आणि तळापर्यंत जाणारे झोत वेगळे करता येत नाहीत. तिसरी चूक यंत्राच्या सेटिंगची, आणि ती शिक्षकांकडूनही होते. पोटाच्या सोनोग्राफीसाठी चित्र गुळगुळीत करणारी हार्मोनिक्स आणि कंपाउंड इमेजिंग ही सोय चालूच राहते. फुप्फुसात आपल्याला आभासच बघायचे असतात आणि ही सोय नेमके आभास पुसते. ती बंद करायची, फोकस प्लुराच्या रेघेवर आणायचा.

चौथी चूक थरथरत्या हाताची. प्रोब स्वतःच हलला तर स्थिर फुप्फुसही सरकल्यासारखं दिसतं. करंगळी आणि मनगटाची कड छातीवर टेकलेली हवी. एम-मोडमध्ये, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रात, हे लगेच उघडं पडतं: निरोगी फुप्फुसात वर स्नायूंच्या सरळ रेघा आणि प्लुराखाली वाळूसारखा पोत, स्लायडिंग नसेल तर वरपासून खालपर्यंत सगळ्याच सरळ रेघा.

पाचवी चूक हाताची नाही, डोक्याची आहे आणि ती सर्वांत धोक्याची. स्लायडिंग दिसलं नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स, असं समीकरण विद्यार्थी घोकतात. आपल्याकडे हे समीकरण रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. जुन्या क्षयामुळे प्लुराचे दोन्ही पापुद्रे चिकटलेले रुग्ण आपल्या प्रत्येक वॉर्डात असतात, त्यांच्यात स्लायडिंग नसतं. श्वासनलिकेतली नळी उजवीकडे खोल गेली तर डाव्या फुप्फुसात स्लायडिंग नसतं. रुग्णाने श्वास रोखला तरी नसतं. प्लुराखाली बी-लाइन दिसत असतील किंवा हृदयाच्या ठोक्याबरोबर रेघ हलकी उडत असेल, तर त्या जागी प्लुराचे पापुद्रे एकमेकांना टेकलेले आहेत आणि मधे हवा नाही, एवढं निश्चित. न्यूमोथोरॅक्सची भरवशाची खूण म्हणजे लंग पॉइंट, जिथे एकाच चौकटीत अर्ध्या भागात फुप्फुस सरकतं आणि अर्ध्यात नाही. या भेदाचा सराव तळहात आणि फोमवर होणार नाही. त्याला खऱ्या रुग्णांच्या, ओळख पुसलेल्या क्लिपच हव्यात, आणि त्यात निरोगी फुप्फुसांच्या क्लिपही मुबलक हव्यात. प्रत्येक क्लिपमध्ये आजार असतो अशी सवय लागलेला विद्यार्थी वॉर्डात प्रत्येक छातीत आजार शोधतो.

निरोगी छातीसाठी वर्गमित्र आहेतच. लिख्तेनस्टाइन यांच्या पद्धतीतल्या तीन जागा दोन्ही बाजूंना, म्हणजे एकूण सहा जागा, पुरेशा आहेत: छातीच्या पुढच्या बाजूला वर आणि खाली एकेक, आणि बगलेच्या मागच्या रेषेपलीकडे, जमेल तितकी पाठीकडे एक. तिसऱ्या जागेवर आधी डायफ्रॅम शोधायचा, नंतर बाकी सगळं. ही शिस्त नसेल तर यकृत-मूत्रपिंडामधली फट किंवा डाव्या बाजूला पाण्याने भरलेलं जठर छातीतलं पाणी म्हणून नोंदवलं जातं. इथे काही गोष्टी लेखी ठरवलेल्या हव्यात. कुणावरही मॉडेल होण्याची सक्ती नको, मुलींसाठी पडदा आणि शिक्षिका हवी, प्रोब फक्त छातीपुरता राहील हे स्पष्ट हवं. सरावात एखाद्याच्या छातीत अनपेक्षित काही दिसलं तर ते कुणाला आणि कसं सांगायचं, हेही आधीच ठरलेलं हवं. पाणी काढण्याच्या सरावासाठी जिलेटिनचा ठोकळा पुरतो: लिटरभर पाण्याला ८० ते १०० ग्रॅम साधं जिलेटिन, त्यात चमचाभर इसबगोल, म्हणजे ऊतीसारखा दाणेदारपणा येतो, आणि आत पाण्याने भरलेला हातमोजा. फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो, नंतर बुरशी येते.

आता कायद्याचा मुद्दा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ साली आला. कडक तरतुदींमागे कारण आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. म्हणून छातीच्या सोनोग्राफीसाठी या कायद्यात ढिलाई मागणं मला मान्य नाही, आणि त्याची गरजही नाही. कायद्याचं बंधन गर्भलिंग ओळखू शकणाऱ्या यंत्रावर आहे. त्याची नोंदणी, त्याची जागा, ते हाताळणारी माणसं सगळं नोंदीत हवं, आणि हलवता येण्याजोग्या यंत्रावर तर २०१२ पासून आणखी मर्यादा आहेत. तेव्हा यंत्र विद्यार्थ्यांकडे, स्किल लॅबमध्ये नेण्याचा विचार सोडावा. विद्यार्थी यंत्राकडे जावेत. आकस्मिक विभागातलं किंवा अतिदक्षता विभागातलं नोंदणीकृत यंत्र जिथे आहे, त्याच जागी, नोंदणीतल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, दुपारी काम कमी असताना तळहात-फोमचा आणि वर्गमित्रांचा सराव होऊ शकतो. प्रत्येक सत्राची नोंदवही ठेवावी. ज्या सिम्युलेटरचा प्रोब ध्वनी सोडतच नाही, ज्यात फक्त जागा ओळखणारा सेन्सर आहे, तो गर्भ पाहू शकत नाही. स्किल लॅबमध्ये ठेवायचा असेल तर तो, आणि क्लिप दाखवायला एक मोठा पडदा. प्रशिक्षणार्थींच्या हाती प्रोब कोणत्या अटींवर द्यायचा, हे राज्याच्या सक्षम प्राधिकरणाने एका परिपत्रकात स्पष्ट केलं तर अधिष्ठात्यांच्या मनातली धास्ती जाईल. आज त्या धास्तीपोटी अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला प्रोबला हातच लावू दिला जात नाही.

वेळ नाही, ही सबब गणितात टिकत नाही. दीडशेची बॅच, पाच-पाचचे गट, म्हणजे तीस गट. एका गटाला दीड तास दिला तर एका यंत्रावर ४५ तास लागतात. आठवड्याला दोन गट घेतले तर पंधरा आठवडे. एका सत्रात प्रत्येकाच्या हातात प्रोब साधारण पंधरा-अठरा मिनिटं राहतो आणि उरलेला वेळ तो दुसऱ्याच्या चुका बघतो, ज्यातून बरंच शिकता येतं. २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने दाखवणं, निरीक्षण, साहाय्य आणि प्रत्यक्ष कृती अशी पायरी घालून दिलीच आहे, स्किल लॅबही सक्तीची केली आहे. शिकवायला प्राध्यापकच हवेत असंही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट हे काम उत्तम करतात, फक्त त्यांचं स्वतःचं कौशल्य आधी तपासलेलं हवं.

परीक्षाही हाताचीच हवी. बहुपर्यायी प्रश्नांत बी-लाइनची व्याख्या ओळखणारा विद्यार्थी छातीवर बी-लाइन शोधू शकेल याची खात्री नसते. एका स्टेशनवर पाच मिनिटं द्यावीत. प्रोब निवडणं, डेप्थ लावणं, दोन सावल्या आणि प्लुरा एका चौकटीत आणणं, हात स्थिर ठेवून पूर्ण श्वासाची क्लिप साठवणं, प्रोब पुसून निर्जंतुक करणं, एवढंच तपासावं. दुसऱ्या स्टेशनवर बारा क्लिप, त्यातल्या किमान पाच निरोगी, आणि उत्तरात ‘यावरून सांगता येत नाही’ हा पर्याय ग्राह्य. तो पर्याय योग्य जागी वापरणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत. हे कौशल्य वापरलं नाही तर काही महिन्यांत विसरलं जातं, म्हणून अंतिम वर्षाच्या सरावानंतर इंटर्नशिपच्या सुरुवातीला एक उजळणी आणि मग वॉर्डात देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण. अमेरिकेतल्या आकस्मिक वैद्यकाच्या तज्ज्ञांची संघटना सोनोग्राफीच्या प्रत्येक प्रकारासाठी २५ ते ५० तपासण्या देखरेखीखाली करायला सांगते. आपल्या इंटर्नकडून २५ ची अपेक्षा ठेवली तरी तीत सिम्युलेशनमधल्या (सरावातल्या) तपासण्या मोजू नयेत. तिथलं काम वेगळं: रुग्णासमोर उभं राहताना हात चाचपडत नसावा, एवढंच.

यावर एक आक्षेप कळकळीने घेतला जातो आणि त्याला उत्तर द्यायला हवं. मुलांना स्टेथोस्कोप नीट वापरता येत नाही, त्यात हे यंत्र दिलं तर उरलंसुरलं क्लिनिकल कौशल्यही जाईल. काळजी खरी आहे, निष्कर्ष पटत नाही. छातीवर वाजवून आवाज मंद लागला आणि लगेच प्रोबने तिथे पाणी दिसलं किंवा नाही दिसलं, तर त्या वाजवण्याची पारख तिथल्या तिथे होते. अशी पडताळणी मिळण्यासाठी एरवी विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेची वाट बघावी लागते, आणि तोवर पोस्टिंग बदललेलं असतं. क्रम मात्र पाळायला हवा: आधी हात आणि स्टेथोस्कोप, अंदाज लेखी नोंदवणं, नंतर प्रोब. रेडिओलॉजीच्या मंडळींचा आक्षेप अर्धवट शिकलेल्यांच्या आत्मविश्वासाबद्दल असतो. तो रास्त आहे, आणि त्याचं उत्तर म्हणजे प्रश्न मर्यादित ठेवणं. एमबीबीएस डॉक्टरने पाणी आहे का, स्लायडिंग आहे का, दोन्ही बाजूंना बी-लाइन आहेत का, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. गाठ आहे का, न्यूमोनिया कोणत्या जंतूचा, हे त्याचे प्रश्न नाहीत.

पुढच्या वर्षीच्या खरेदीत स्किल लॅबसाठी फुप्फुसांचा सिम्युलेटर मागवणाऱ्या महाविद्यालयाने निविदेत दोन अटी घालून बघाव्यात. प्रोब कलला की चित्र बिघडलं पाहिजे, आणि आपल्याच रुग्णांच्या क्लिप त्यात भरता आल्या पाहिजेत. या अटी पूर्ण करणारं यंत्र बजेटमध्ये बसत नसेल तर तो पैसा आकस्मिक विभागातल्या नोंदणीकृत यंत्रासाठी जादा लिनिअर प्रोब, फोम ड्रेसिंगची खोकी, जेलचे डबे आणि दोन रेसिडेंटच्या शिकवण्याच्या वेळेवर खर्च करावा.